वर्गावरची बाई

पौर्णिमेच्या उधाणाला खारजांभेळीचा बाहेरचा बांध फुटला, तेव्हा ठमाबाईचं भात कापून शेतातच पडलं होतं. खाडीचं पाणी बांधाला पडलेल्या खांडीतून आत शिरलं, वाळत घातलेल्या भाताच्या कडप्यांवरून फिरलं आणि ओहोटी लागली तरी पुरतं निघून गेलं नाही. सकाळी ती गुडघाभर पाण्यात उतरली. एक कडपा उचलून तिनं लोंब्या तळहातावर चोळल्या, दाणे तोंडात टाकले आणि लगेच थुंकले.

"गेला," बांधावर उभ्या असलेल्या सुनेला ती म्हणाली. "आनि या वावरात आता दोन वरसं काय पिकनार नाय. मीठ बसला."

मृणालीनं साडी वर खोचली आणि तीही पाण्यात उतरली. दोघींनी मिळून हाती लागतील तेवढे कडपे उंचवट्यावर ओढून टाकले. त्या भाताचा काही उपयोग नव्हता. गुरांनीही तो पेंढा हुंगून सोडला असता. पण डोळ्यांदेखत कुजायला ठेवून घरी जाववत नव्हतं. ऊन चढलं तसा चिखलाला कुजक्या मासळीचा वास सुटला. हातापायांना मीठ लागून कातडी ओढल्यासारखी झाली.

घरी दयाराम ओटीवर बसला होता. त्याचा सगळा जन्म मिठागरात गेला होता. पांढऱ्या मिठावरचं ऊन वर्षानुवर्षं डोळ्यांत जाऊन आता त्याला माणसाचा नुसता काळा आकार दिसायचा. बायको पायरी चढली तशी त्यानं मान वळवली.

"कवरा वाचला?"

"वाचला थोडा."

"खोटा बोलू नको. तुजे अंगाला वास येतंय."

ठमाबाई मागच्या दारी पाय धुवायला गेली.

त्या घरात आता कमावणारा पुरुष नव्हता. मुलगा हितेश बंदरावरचा ट्रेलर चालवायचा. चार पावसाळ्यांमागे रस्त्याच्या कडेला टायर बदलताना मागून आलेल्या गाडीनं त्याला ट्रेलरसकट पुढं ढकललं. बारावा झाल्यावर मृणालीचे वडील पालीहून तिला न्यायला आले होते. बिचारे ओटीवर टोपी हातात घेऊन बसून राहिले. ठमाबाईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "इवाई, तुमी तिला नेऊन काय करनार? भावजईच्या हाताखाली ठेवनार. ती बीए झालेली हाय. तिला मास्तरीन करायची असल तर हितंच ऱ्हाऊन व्हईल. पोरीला मी सांभालते." मग तिनं सुनेला विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात बी.एड.ला घातलं. गावात बायका म्हणाल्या, सुनेला पंख लावून देतेस, उडून जाईल. ठमाबाईलाही ते वाटायचं. सून दूर कुठं नोकरीला लागली, तर नात कल्पीही तिच्याबरोबर जाणार आणि घरात आंधळा नवरा आणि आपण. पण हा विचार मनात आला की ती उठून कामाला लागायची.

मृणालीचं बी.एड. झालं होतं. आता शिक्षक पात्रता परीक्षा होती. एकदा दिली होती, गेली होती. दुसऱ्या खेपेची तारीख आली होती आणि ती नेमकी त्या रविवारी होती, ज्या रविवारी खाडीला भांग, म्हणजे सगळ्यांत कमी भरती, असणार होता.

शनिवारी दुपारी देवळाच्या पायरीवर गाव जमला. रावजी ठमाबाईचा चुलत दीर. बांधाचा कारभार त्याच्याकडे. तो उभा राहून बोलला.

"उद्या पानी सगल्यात कमी हाय. उद्या खांड बुजली तर बुजली, नायतर फुडचे उधानाला गावात होड्या चालवा. घरटी एक धडधाकट मानूस पायजे. जो येनार नाय, त्याच्या बांधाला उद्या काय झाला तर गाव उभा ऱ्हानार नाय." मग त्यानं ठमाबाईकडे पाहिलं. "तुजी सून येल ना वहिनी?"

"तिची परीक्षा हाय. मी येन."

"तू?" रावजी हसला. "तुला चिखलातून काढायला आमाला आजून एक मानूस लागल."

पुरुष हसले. मागं बसलेल्या बायकाही पदरात हसल्या. ठमाबाईनं मान खाली घातली नाही.

"परीक्षा काय, फुडचे वर्सी परत येल," रावजी म्हणाला. "बांध थांबनार नाय."

"तुजा बांध मी बांधते. तू तिची परीक्षा देशील काय?"

आता लोक रावजीला हसले, आणि हे आपल्याला उद्या महागात पडणार हे ठमाबाईला तिथंच कळलं.

संध्याकाळी मृणाली चुलीपुढं बसून म्हणाली, "आई, मी नाही जात. खरंच पुढच्या वर्षी देईन. तुम्ही त्या चिखलात उभं राहायचं आणि मी तिकडं पंख्याखाली पेपर लिहायचा, माझ्यानं व्हायचं नाही."

"मागचे वेली पन तू पंक्याखालीच लिवला ना? तरी नापास झालीस," ठमाबाई म्हणाली. "या वेली पास हो. भाकऱ्या घेऊन जा, तिकडं खायला काय मिलत नाय."

मृणाली पहिल्या एसटीनं गेली. ठमाबाई कल्पीला दयारामजवळ बसवून खांडीवर आली.

ओहोटीला खांडीच्या दोन्ही काठांवरून काळा चिखल चमकत होता. पुरुषांनी मध्ये लाकडाच्या मेढी ठोकल्या होत्या, त्यांच्यामध्ये पेंढा कोंबत होते. बाकीची माणसं साखळी करून उभी होती. खाडीकाठच्या खाजणातला चिखल फावड्यानं कापायचा, त्याचा गोळा पोटाशी धरून पुढच्याच्या हातात द्यायचा. रावजीनं ठमाबाईला साखळीत घेतलं नाही. त्यानं तिला थेट खाली, मेढींच्या पायथ्याशी, जिथं पाणी कमरेला लागत होतं तिथं उभं केलं.

"तितं उभी ऱ्हा. आलेला गोला पायानं दाबायचा."

"रावजी भावजी, तितं गडी पायजे," शेजारची कृष्णाबाई म्हणाली.

"घरटी मानूस सांगितला व्हता. ही मानूस म्हनून आलेय ना?"

ठमाबाई खाली उतरली. गोळा आला की वाकून मेढीच्या बुडाशी ठेवायचा आणि टाचेनं दाबायचा, परत दुसरा. पाणी थंड होतं. थोड्या वेळानं पायांचं भान राहिलं नाही, नुसती कंबर दुखत राहिली. डोक्यावर ऊन, खाली गारठा. चिखलाचे शिंतोडे तोंडावर वाळून चेहरा ताठ झाला. मधून मधून तिच्या मनात यायचं, आता पेपर हातात आला असेल, आता लिहीत असेल.

पाणी वळायच्या सुमाराला तिनं गोळ्यावर जोरात पाय दिला आणि खाली काहीतरी पायात गेलं. जुन्या बांधाची मोडकी मेढ चिखलात उभीच राहिली होती. दुखण्याआधी तिला ऊब जाणवली. पाय उचलला तर पाणी लाल झालं आणि लगेच परत काळं.

"काय झाला गो?" कृष्णाबाईनं वरून विचारलं.

"काय नाय. दे गोला."

खांड अजून बुजायची होती. वर आलं की रावजी गैरहजेरी लावणार, आणि दिवसभराचा घाम फुकट जाणार. भरतीचं पाणी मेढींना लागायला लागलं, तेव्हा शेवटचे गोळे पडले आणि माणसांनी ओरडा केला. ठमाबाईला कृष्णाबाईनं हाताला धरून वर ओढलं. तिच्या पायाकडे बघून रावजीचं तोंड उतरलं. "सांगायचा तरी," तो म्हणाला. त्यानं आपलं मुंडासं सोडून पायाला बांधलं. ठमाबाईनं त्याला बांधू दिलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दिवेलागणीला मृणाली आली. तिच्या तोंडावरून पेपर बरा गेला असावा असं दिसत होतं. पण सासूचा पाय पाहून ती दारातच थबकली आणि पेपरबद्दल त्या घरात कोणी विचारलं नाही.

पायात खाजणाचा चिखल राहिला होता. हळद भरली, पाला बांधला. अंगात ताप चढला, पाय मांडीपर्यंत सुजला, तेव्हा मृणालीनं गाडी करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर आहे अंगात, कधी तपासली नाहीत का. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर ठमाबाईनं चादर वर करून बघितलं आणि परत खाली टाकली.

मृणाली उशाशी बसून रडत होती.

"कंला रडतेस?" ठमाबाई म्हणाली. "बोटांनी काय मना पेपर लिवायचा हाय?"

निकाल लागला तो वालाच्या शेंगा काढायच्या दिवसांत. ठमाबाई अंगणात पाय लांब करून शेंगा सोलत होती. मोबाइलला रेंज फक्त डांबरी रस्त्यावर यायची, म्हणून मृणाली दुपारपासून तिकडं जाऊन उभी होती. ती पाणंदीतून धावत येताना दिसली, तेव्हा ठमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. सुनेला धावताना तिनं याआधी एकदाच पाहिलं होतं, आणि ते हितेश गेला त्या दिवशी, त्याचा फोन आला नाही म्हणून.

"झाले, आई. पास झाले."

ठमाबाईनं शेंग खाली टाकली. मग ती ओटीकडे वळून ओरडली, "आयकलंत काय? पास झाली!"

दयाराम उठून उभा राहिला. भिंतीला हात लावत पुढं आला आणि सुनेच्या दिशेनं हात करून म्हणाला, "मास्तरीनबाई, आता आमचे घरात बसताना पाय धुवून बसाया लागल."

मृणाली हसली, पण ठमाबाईनं नंतर आठवून पाहिलं तर ते हसू पुरतं नव्हतं. त्या वेळी तिला ते दिसलं नाही. तिनं कल्पीच्या हातात साखरेची वाटी दिली आणि घराघरांत पाठवलं. रावजीच्या घरी साखर द्यायला ती लंगडत स्वतः गेली. रावजीनं चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "बरा झाला वहिनी. तुजी बोटं फुकट नाय गेली."

विद्यापीठाच्या विभागानं पास झालेल्यांचा सत्कार ठेवला होता. मृणाली नको म्हणत होती, तरी ठमाबाईनं लग्नातलं लुगडं काढलं आणि ती सुनेबरोबर पनवेलकडे निघाली. एका पायात चप्पल, एका पायात फडकं. विभागाच्या सभागृहात गार हवा सोडली होती. भिंतीवर मोठा फलक होता, त्यावर पास झालेल्यांचे फोटो. मृणालीचा फोटो बघून ठमाबाईनं शेजारच्या बाईला सांगितलं, "ती माजी सून."

स्टेजवर विभागप्रमुख मॅडम बोलल्या. आपल्या विभागाचा निकाल यंदा कसा चढला, बाकीच्या कॉलेजांपेक्षा आपण कसे पुढं आहोत, मूल्यांकन समिती येणार आहे तेव्हा हे कसं दाखवता येईल, असं बरंच. मग एकेकाला बोलावून गुलाबाचं फूल दिलं. मृणालीची पाळी आली तेव्हा मॅडमनी माइकवर सांगितलं की हिच्या सासूबाई स्वतः आल्या आहेत, आपण त्यांना दोन शब्द बोलायला सांगू. टाळ्या पडल्या. कोणीतरी ठमाबाईच्या हातात माइक आणून दिला.

तिला भाषण येत नव्हतं. जे विचारायचं म्हणून आली होती ते तिनं विचारलं.

"मॅडम, मंग हिला साला कुठली देनार? आमचे गावाजवलची मिलली तर बरी. घरात मानूस आंधला हाय."

पहिल्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मग मागूनही थोडं हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, पण ठमाबाईचे कान तापले. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, शाळा आम्ही देत नाही. ही पात्रता परीक्षा असते. आता ती शिक्षक व्हायला पात्र झाली. यानंतर सरकारची दुसरी चाचणी असते, मग जागा निघाल्या की यादी लागते, मग मुलाखत."

"जागा कदी निघतात?"

"ते आपल्या हातात नाही ना, आजी."

माइक परत घेतला गेला. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. गुलाबाचं फूल मृणालीच्या मांडीवर होतं. पेणचा स्टँड मागं पडल्यावर ठमाबाई म्हणाली, "तू मना सांगितला नाय."

"सांगितलं होतं, आई. आधी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पास हो मग बघू." मृणाली खिडकीबाहेर बघत होती. "नंतर तुमचा पाय असा झाला. मग परत सांगायची माझी हिंमत झाली नाही."

ठमाबाईनं पायावरचं फडकं सारखं केलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पात्र म्हंजे भांडाच ना?"

"हो. तोही अर्थ आहे."

"मंग घासून-पुसून ठेवला म्हनायचा. आता त्याच्यात वाढनार कोन?"

मृणालीला हसू आलं आणि हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला. कंडक्टर वळून पाहायला लागला, तशी ठमाबाईनं तिचा खांदा आपल्याकडे ओढून घेतला.

जागा निघाल्या नाहीत. पावसाळा आला. गावाच्या वरच्या अंगाची शेतं हिरवी झाली, पण ठमाबाईच्या वावरात लावलेली रोपं पंधरवड्यात टोकांकडून पिवळी पडली आणि मग तपकिरी झाली. पाणी आटलं की मातीवर पांढरा थर दिसायचा. रेशनचा तांदूळ पुरत नव्हता. ठमाबाईला पायामुळं मजुरीला कोणी बोलवेना. मृणाली लावणीला गेली, तिथं बायका तिला "बाई, बाई" करून हसायच्या. वाईट हेतूनं नाही. पण चिखलात वाकलेल्या बाईला बाई म्हटलं की ते टोचतंच.

अशात हायवेजवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेतून बोलावणं आलं. मृणाली सत्काराच्या दिवशीची साडी नेसून गेली आणि दुपारी परत आली. येऊन तिनं साडी बदलली आणि चुलीपुढं बसली. ठमाबाईनं पेज ढवळता ढवळता विचारलं, "काय म्हनाले?"

"त्यांना पात्रता पास झालेली शिक्षिका पाहिजे. तपासणीला दाखवायला. दप्तरी माझं नाव तिसरीची शिक्षिका म्हणून लावणार." मृणाली जाळाकडे बघत होती. "वर्गावर मात्र दुसरी मुलगी. तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण ती पास नाही. तिला ते काढणार नाहीत."

"आनि तू काय करायचा?"

"व्हॅनमध्ये बसायचं. मुलांना चढवायचं, उतरवायचं. शाळेत आल्यावर त्यांचे डबे, शू-शी. निळा एप्रन देतात." ती थांबली. "मी नाही म्हणून आले."

दयाराम ओटीवरून ऐकत होता. त्याच्या खोकल्याचा आवाज आला. पेज उतू जायला लागली तशी ठमाबाईनं लाकूड मागं ओढलं. तिनं आधी मनात शाळेच्या त्या माणसाला शिवी घातली. मग मडक्यात किती तांदूळ उरलाय ते तिला आठवलं. कल्पी मागच्या दारी घसा खरवडत खोकत होती, आणि दयारामचे डोळ्यांत घालायचे थेंब संपून दिवस झाले होते.

"जा," ती म्हणाली.

मृणालीनं वर पाहिलं. "तुम्ही सांगताय, आई?"

"मीच सांगते. दुसरा कोन हाय सांगायला?"

मृणालीनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली आणि ताटं मांडायला लागली. त्या दिवशी ठमाबाईनं आपली पेज कल्पीच्या ताटात ओतली. सुनेच्या ताटाकडे बघायचंही तिनं टाळलं.

पिवळी व्हॅन सकाळी देवळापाशी यायची. ठमाबाई नातीला गावच्या झेडपीच्या शाळेत सोडायला त्याच वेळी निघायची, त्यामुळं तिला ते रोज दिसायचं. मृणाली निळ्या एप्रनमध्ये दारात उभी राहून मुलांना वर घ्यायची. रावजीची नात हर्षाली त्याच शाळेत तिसरीत होती. रावजी स्वतः तिला सोडायला यायचा. पहिल्या दिवशी मृणालीला एप्रनमध्ये बघून तो इकडं तिकडं पाहायला लागला. मग त्याच्या सुनेनं एकदा लांबूनच हाक मारली, "ओ मावशी, हिची बाटली गळते, सरळ धरा," आणि त्यानंतर सगळेच मावशी म्हणायला लागले. वळणावर मुलं ओकायची. संध्याकाळी मृणालीच्या एप्रनला आंबूस वास यायचा. ती तो दारीच काढून धुवायची, आत आणायची नाही. जेवताना बोलायची नाही. कल्पीचा अभ्यास घ्यायची, पण तोही हळू आवाजात, जणू शेजारी कोणी निजलंय.

गणपती बोळवून झाल्यावर एका संध्याकाळी ती एप्रनशिवाय आली. अंगावर सत्काराची साडी होती. बोटांना खडूची पूड. पायरीवर बसण्याआधीच बोलायला लागली.

"आई, आज वर्गावर होते!"

"काय बोलतेस?"

"तपासणी होती. काल सरांनी सांगितलं, चांगली साडी नेसून या. मला वाटलं नुसतं खुर्चीवर बसवतील. तर साहेब म्हणाले, शिकवा, आम्ही मागं बसतो."

ठमाबाईनं तिला पाणी दिलं. ते प्यायचंही तिला सुचलं नाही.

"मी मुलांना म्हटलं, बाक मोजा. पट्टी नाही, वितीनं मोजा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. भांडायला लागली हो, माझंच बरोबर म्हणून! त्या रावजीकाकांच्या हर्षालीची वीत केवढी, एवढीशी, तिचं उत्तर सगळ्यांत मोठं आलं. ती म्हणते, माझाच बाक लांब आहे! मग विचारलं, आता काय करायचं? तर मागून एक मुलगी म्हणाली, सगळ्यांची वीत सारखी करू. म्हणजे पट्टी! मला सांगावंच लागलं नाही. त्यांनीच काढलं, आई." मृणाली हवेत वीत धरून दाखवत होती. "साहेब उठले आणि मुलांबरोबर स्वतः टेबल मोजायला लागले."

दयारामनं ओटीवर बसल्या बसल्या आपली वीत फळीवर टेकवून पाहिली. कल्पी आईच्या पाठीवर पडून हसत होती. हितेश गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. ठमाबाईला वाटलं, हे असंच चालू राहावं, काही विचारू नये. पण तिला राहवलं नाही.

"मंग आता उद्यापासून वर्गावरच ना?"

मृणालीचा हात खाली आला.

"नाही. उद्या व्हॅन." तिनं बोटांवरची पूड साडीला पुसली. "सरांनी सांगितलंय, याच्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. ड्रायव्हरचं लक्ष असतं. मी घरात बोलले तेवढं बोलले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळा एप्रन घालून देवळापाशी उभी होती. ठमाबाई कल्पीचा हात धरून मागं होती. रावजी हर्षालीला घेऊन आला. व्हॅन थांबली, तशी हर्षाली धावत जाऊन मृणालीच्या एप्रनला बिलगली.

"मावशी, काल तुम्हीच होतात ना आमच्या टीचर? वितीनं मोजायला लावलं ते?"

रावजी बघत होता. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. मृणालीनं खाली वाकून हर्षालीच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"नाही बाळा. ती दुसरी होती."

"तुमच्यासारखीच होती."

"असेल."

"मग ती परत कधी येणार?"

मृणालीनं तिच्या काखेत हात घालून तिला वर घेतलं, आत बसवलं, आपण चढली आणि दार ओढून घेतलं. व्हॅन निघून गेली. रावजी ठमाबाईकडे वळला आणि मान खाली घालून घराकडे चालता झाला.

ठमाबाई नातीला घेऊन शाळेच्या वाटेला लागली. देवळामागं वळल्यावर कल्पीनं तिचा हात ओढला.

"आजी, आईच होती ना गो ती?"

"व्हती," ठमाबाई म्हणाली. "पाय उचल. घंटा झाली."